सोशल मीडियाची सुट्टी: एकट्याने की साऱ्यांनी?

ओळखीतलं कुणीतरी मधूनच स्टेटस ठेवतं: 'काही दिवस सोशल मीडियावर नाही. महत्त्वाचं असेल तर फोन करा.' सोबत जोडलेले हात. आठवडा उलटायच्या आत तीच व्यक्ती कुणाच्या तरी वाढदिवसाला केकचे तीन इमोजी टाकताना सापडते आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण बाकीच्यांनीही हे कधी ना कधी करून पाहिलेलं असतं. कुणी परीक्षा तोंडावर आली म्हणून, कुणी झोपेचं खोबरं झालं म्हणून, कुणी निवडणुकीच्या दिवसांत भावकीच्या ग्रुपवर जुंपली म्हणून, तर कुणी नुसतंच 'डोकं बधिर झालंय' म्हणून.

या सुट्टीने खरंच काही साधतं का, हा प्रश्न आता नुसत्या मतांवर सोडायची गरज नाही. गेल्या दहाएक वर्षांत त्यावर बरेच प्रयोग झाले. माणसांचे दोन गट पाडायचे, एकाला ॲप बंद करायला लावायचं, दुसऱ्याला चालू ठेवू द्यायचं आणि मग दोन्ही गटांची मनःस्थिती ताडून पाहायची, अशी साधारण पद्धत. उत्तरं मिळाली, पण सुट्टीच्या भक्तांचं त्यांनी पुरतं समाधान होणार नाही आणि टवाळखोरांचंही.

सुरुवातीचा गाजलेला प्रयोग डेन्मार्कचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. १,०९५ जणांपैकी एका गटाने आठवडाभर फेसबुक सोडलं आणि त्या गटाचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं दिसलं. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १४३ विद्यार्थ्यांवर थोडा मवाळ प्रयोग केला. पूर्ण बंदी नाही; फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी दहा मिनिटं, तीन आठवडे. एकटेपणा आणि खिन्नता दोन्ही कमी झाली. पुढे २०२२ मध्ये इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठात १५४ जणांपैकी एका गटाने एक आठवडा सुट्टी घेतली, तिथेही चिंता आणि खिन्नता उतरली. इथवर सगळं आलबेल. पण २०१८ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी लोकांना पाच दिवस फेसबुक सोडायला लावलं आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाचं हे संप्रेरक कमी झालं होतं, पण आयुष्याबद्दलचं समाधानही कमी झालं होतं. शरीराला उसंत मिळाली, जिवाला मात्र करमेना. मला हा निष्कर्ष सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

हे सगळे प्रयोग लहान. मोठ्या आकाराचं काम अर्थशास्त्रज्ञांनी केलं. हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीच्या तोंडावर सुमारे २,७०० लोकांना हाताशी धरलं आणि त्यातल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं. दिवसाला सरासरी तासभर वेळ मोकळा झाला. तो कुठे गेला, हे पाहण्यासारखं आहे: थोडा एकट्याने टीव्ही बघण्यात, थोडा घरच्यांशी आणि मित्रांशी गप्पा मारण्यात. राजकीय कडवटपणा घटला. बातम्यांची माहितीही घटली. मन सुधारलं, पण बेताचं. समुपदेशन किंवा गटोपचारातून जेवढा फरक पडतो, त्याच्या साधारण २५ ते ४० टक्के. महिना संपल्यावर अकाउंट पुन्हा उघडण्याची मोकळीक होती, तरी लोक पूर्वीपेक्षा बरंच कमी फेसबुक पाहू लागले. माझ्या मते या प्रयोगातली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. सुट्टीत काय वाटलं यापेक्षा सुट्टीनंतर हात कितपत आवरला, त्याला जास्त किंमत द्यायला हवी.

२०२० च्या निवडणुकीच्या वेळी हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. फेसबुकचे १९,८५७ आणि इन्स्टाग्रामचे १५,५८५ वापरकर्ते, आणि सुट्टी सहा आठवड्यांची. मन याही वेळी सुधारलं, पण आधीपेक्षाही कमी. फेसबुक सोडल्याचा फायदा पस्तिशीच्या पुढच्यांना जास्त झाला, तर इन्स्टाग्राम सोडल्याचा मुख्यतः पंचविशीच्या आतल्या मुलींना. ही नोंद बारकाईने वाचावी अशी आहे. 'सोशल मीडिया वाईट' असं एका दमात म्हणून टाकण्यापेक्षा कुणाला काय बाधतं ते विचारलं, तर उत्तर वयागणिक आणि ॲपगणिक बदलतं.

संशयवादी मंडळीही आहेत आणि त्यांचं म्हणणं फेटाळण्यासारखं नाही. ख्रिस्तोफर फर्ग्युसन या मानसशास्त्रज्ञाने २०२४ मध्ये असे अनेक प्रयोग एकत्र तपासले आणि सरासरी परिणाम जवळजवळ शून्य असल्याचं सांगितलं. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये लोकांना एका दिवसाची सुट्टी घ्यायला लावली. काहीच फरक पडला नाही. शिवाय एक मूळ अडचण सगळ्याच प्रयोगांत आहे. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, इथे खोटी सुट्टी देता येत नाही. आपण फेसबुक सोडलंय हे माणसाला ठाऊक असतं, त्याने बरं वाटायला हवं हेही त्याने कुठेतरी वाचलेलं असतं, आणि मग त्याला बरं वाटतं. कुमारवयीन मुलांबाबतचा वाद तर याहून कडाक्याचा आहे. फोन आणि सोशल मीडियाने मुलांचं मन बिघडवलं असं मांडणाऱ्या जोनाथन हाइट यांच्या २०२४ च्या पुस्तकाने साऱ्या जगाच्या पालकांना धास्ती घातली. कँडिस ऑजर्स यांनी 'नेचर'मध्ये त्याचं परीक्षण लिहून पुराव्याअभावी ते दावे टिकत नाहीत असं ठणकावलं. त्या भांडणात इथे शिरत नाही. मोठ्यांच्या सुट्टीपुरता हिशोब असा मांडता येतो: एका दिवसाने काही होत नाही, दोन-चार आठवड्यांनी थोडं होतं, आणि तेही सगळ्यांना सारखं नाही.

पण हे झालं मनाच्या बरेपणाबद्दल. लक्ष लागण्याबद्दलचा पुरावा वेगळा आहे आणि बराच ठसठशीत.

कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क वीस वर्षं लोकांच्या पाठीमागे घड्याळ घेऊन बसल्या आहेत. माणूस एका स्क्रीनवर किती वेळ टिकतो, हे त्या मोजतात. २००४ च्या सुमारास हा वेळ सरासरी अडीच मिनिटं होता, २०१२ मध्ये ७५ सेकंद आणि अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंदांच्या आसपास. त्यांची दुसरी नोंद अधिक बोचते. कामातले जवळपास निम्मे व्यत्यय बाहेरून येत नाहीत, ते माणूस स्वतःच आणतो. म्हणजे नोटिफिकेशन बंद केलं तरी फोन उचलला जातोच, कारण सवय आता हातात उतरलेली असते. लिफ्टची वाट पाहताना, सिग्नलला, कुकरची शिट्टी होईपर्यंत, मीटिंगमध्ये दुसरा बोलत असताना. त्या क्षणी कुणी बोलावलेलं नसतं. फोन उघडला जातो, अंगठा वर सरकतो आणि कशासाठी उघडला होता ते आठवेपर्यंत कुणाच्या तरी केदारनाथ यात्रेचे अकरा फोटो बघून झालेले असतात.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला नोआ कॅस्टेलो आणि सहकाऱ्यांचा प्रयोग म्हणूनच मला या सगळ्या साहित्यात उजवा वाटतो. त्यांनी ॲप बंद केली नाहीत, फोनमधलं इंटरनेटच दोन आठवडे बंद केलं. फोन लागत होते, मेसेज जात होते, लॅपटॉपवर सगळं चालू होतं. फक्त खिशातलं नेट गेलं. ४६७ जण त्यात होते. दिवसाचा फोनचा वेळ पाच तासांवरून पावणेतीन तासांच्या आत आला, मनःस्थिती सुधारली आणि एकाच गोष्टीवर लक्ष टिकवण्याच्या चाचणीत लोक जणू दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे निघाले. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना मन, समाधान किंवा लक्ष यांपैकी कशात तरी फायदा झाला. आता मेख ऐका. ठरल्याप्रमाणे चौदातले किमान दहा दिवस नेट बंद ठेवणारे जेमतेम एक चतुर्थांश होते. हे सगळे स्वतःहून आलेले होते, 'मला फोन कमी करायचाय' म्हणणारे होते, तरीही चारातले तीन मोडले.

ते का मोडले, याचं उत्तर फोनच्या रचनेत आहे. आझा रास्किन यांनी २००६ मध्ये न संपणारं पान शोधून काढलं. खाली जाल तसं पुढचं आपोआप उघडत जातं, थांबावं असं ठिकाणच येत नाही. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. फेसबुकचं लाइकचं बटण २००९ चं. बक्षीस दर वेळी न मिळता कधीमधी आणि अनपेक्षित मिळालं की सवय सर्वांत घट्ट होते, हे बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकात प्राण्यांवर दाखवून दिलं होतं. दहा रील टाकाऊ निघतात, अकरावी खदखदून हसवते, आणि त्या अकरावीसाठी पुढच्या दहा पाहिल्या जातात. ऑलकॉट यांच्याच २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासानुसार सोशल मीडियाचा सुमारे ३१ टक्के वापर असा आहे, जो माणसाला स्वतःलाच नको असतो पण आवरत नाही. उरलेले ६९ टक्के त्याला हवेच असतात, हेही सांगायला हवं. सुट्टीचा उपदेश करणारे हे दुसरं वाक्य गाळतात.

म्हणूनच 'व्यसन' हा शब्द मी जपून वापरेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत गेमिंगचा विकार आलेला आहे, सोशल मीडियाचा नाही. ज्याचं शिक्षण, नोकरी, झोप खरोखर उद्ध्वस्त होत आहे, त्याला आठवडाभराच्या सुट्टीचा सल्ला देणं चुकीचंच. त्याच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारं स्वतंत्र क्लिनिक आहे आणि तिथे मुद्दाम संयमित वापराची भाषा केली जाते. बाकी बहुसंख्य लोक आजारी नाहीत. ते वैतागलेले आहेत.

आणि त्यांच्या सुट्ट्या वाया जाण्याचं एक कारण आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. भारतात टिकटॉकचे तेव्हा सुमारे वीस कोटी वापरकर्ते होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांतली, शेताच्या बांधावर उभं राहून संवाद म्हणणारी पोरं एका रात्रीत प्रेक्षकांना मुकली. एवढी मोठी, एवढी सक्तीची सुट्टी जगात क्वचितच कुणाला मिळाली असेल. ती किती टिकली? ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. मधल्या काळात मोज, जोश अशी देशी दुकानंही उघडली. एकादशी अन् दुप्पट खाशी, यातलाच प्रकार. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सहा तास जगभर बंद पडलं, तेव्हाही हेच घडलं. आधी सगळ्यांनी आपलं नेट गेलं समजून फोन बंद-चालू करून पाहिले, मग टेलिग्रामकडे धाव घेतली. त्या एका दिवसात सात कोटी नवे लोक आल्याचं टेलिग्रामच्या प्रमुखांनी सांगितलं. एक ॲप काढून टाकण्याला सुट्टी म्हणता येत नाही, ती फक्त बदली. फोनचं नेटच बंद करणारा कॅस्टेलोंचा प्रयोग इतरांपेक्षा जास्त गुण दाखवतो, तो बहुधा यामुळेच.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. हे सारे प्रयोग एकट्याला बाहेर काढतात, त्याची दुनिया मात्र आतच राहते. शिकागो विद्यापीठाचे लिओनार्दो बुर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी हीच गाठ उकलून पाहिली. त्यांनी हजारावर कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक सोडायचे किती पैसे घ्याल? सरासरी ५९ डॉलर. इन्स्टाग्रामचे? ४७. मग प्रश्न बदलला: तुमच्या कॉलेजातल्या जवळपास सगळ्यांनीच सोडलं तर? आता आकडा उलटा झाला. सगळ्यांनी मिळून सोडायचं असेल तर हेच विद्यार्थी टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर पदरचे द्यायला तयार झाले. म्हणजे जी गोष्ट एकट्याला सोडवत नाही, ती मुळात नसती तर बरं, असं त्याच माणसाला वाटतं. वापर आवडीपोटी जेवढा, तेवढाच आपण मागे पडू या भीतीपोटी. अशा ठिकाणी मनोनिग्रहाची प्रवचनं झोडून काय होणार?

बुर्स्टीन यांचा शोधनिबंध मोहित्यांच्या वडगावात कुणी वाचला नसेल, पण उत्तर तिथे सापडलं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे तीनेक हजार वस्तीचं गाव. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली, करोना गेला तरी पोरांच्या हातातला फोन सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी फोन आणि टीव्ही बंद राहील. बैठकीत पुरुष मंडळी आधी हसली. मग बायकांना बोलावलं, त्यांनी मालिकांचा आपलाही नाद वाढल्याचं कबूल केलं आणि ठराव पुढे सरकला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दीड तास पोरांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन किंवा गप्पा. गावाने सांगितलेले फायदे गावानेच सांगितलेले आहेत हे धरूनही, या योजनेची बांधणी मला तज्ज्ञांच्या बहुतेक सल्ल्यांपेक्षा शहाणी वाटते. वेळ ठरलेली आहे आणि ती रोजची आहे. भोंगा बाहेरून वाजतो, त्यामुळे निर्धार कुणा एकाला करावा लागत नाही. शेजाऱ्याचाही फोन बंद असल्याने त्या वेळात काही निसटत नाही. आणि सर्वांत मोठं म्हणजे पोरासमोर बसलेल्या बापाच्या हातातही फोन नसतो.

हा शेवटचा मुद्दा जिथे सुटला, तिथे गंमत गेली. त्याच वर्षी यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बांसी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. काळजी खरी होती. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, फोन हाताळता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. तरी ज्या घरात आई मालिका आणि बाप क्रिकेटचे तुकडे फोनवर बघतो, तिथे फक्त पोरावर बंदी घालणं म्हणजे त्याला लपवायला शिकवणं. वडगावची पद्धत पसरली, ती यामुळेच असावी. सांगलीतल्याच अग्रण धुळगावाने संध्याकाळचे दोन तास ठरवले आणि ते पाहून २०२४ च्या डिसेंबरात बेळगावजवळच्या हलग्यानेही सात ते नऊचा भोंगा सुरू केला.

शहरात भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न रास्त आहे. पण शहरातही जिथे जमतं तिथे सूत्र तेच. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची घेतात. खोलीवर टेबल नसतं असं नाही. पैसे आजूबाजूच्या वाकलेल्या मानांचे असतात. त्यांच्यातली बरीच पोरं साधा कीपॅडचा फोन जवळ ठेवतात, स्मार्टफोन रूमवर. कुणी इन्स्टाचा पासवर्ड बहिणीला बदलायला सांगून पूर्वपरीक्षेपर्यंत तो विचारायचाच नाही असं ठरवतं. मात्र त्यांची कोंडी बघा: लेक्चर यूट्यूबवर, चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर, जाहिरात निघाल्याची पहिली खबर व्हॉट्सॲपवर. ज्याच्यामुळे अभ्यास मोडतो त्याच्यावाचून अभ्यास होत नाही. दिवसातून एकदाच, संध्याकाळी चहाच्या वेळी सगळं उतरवून घेणारे यातून त्यातल्या त्यात निभावतात.

सगळ्यांनी मिळून फोन बाजूला ठेवण्याचं हेच सूत्र इगतपुरीच्या धम्मगिरीतही दिसतं. १९७६ पासून तिथे विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. येणाऱ्याने फोन आधी कार्यालयात जमा करायचा, मौन पाळायचं, वाचन-लेखनही बंद, पहाटे चारची घंटा. स्मार्टफोन जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही शिस्त. आजकाल मात्र तिकडून परतलेले लोक ध्यानाइतकंच 'दहा दिवस फोन नव्हता' हे कौतुकाने सांगतात. फायदा मौनाचा, वेळेवर झोपण्याचा की फोन नसण्याचा, हे वेगळं काढणं अशक्य आहे. परत आल्यावर फोन चालू केला की साचलेले हजार-बाराशे मेसेज धडाधड कोसळतात, त्यातले कामाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साऱ्या शिबिराचं सार काहींना त्या पाच मिनिटांत कळतं म्हणे.

आता आपल्याकडची खरी अडचण. परदेशी प्रयोग फेसबुक-इन्स्टाग्रामवर झाले. आपल्या डोक्यावर बसलेलं असतं ते व्हॉट्सॲप. ते सोशल मीडिया आहे, टेलिफोन आहे, सोसायटीचा सूचनाफलक आहे, मुलांच्या शाळेची डायरी आहे आणि कार्यालयाची हजेरीही आहे. पाणी येणार नाही हे तिथेच कळतं, मयताची वेळही तिथेच. ते सोडा, असं सांगणारा एक तर निवृत्त असतो, नाही तर त्याचे निरोप दुसरं कुणी घेत असतं. तिथे कातरणीच चालवावी लागते. स्टेटस पाहणं बंद, 'सुप्रभात'चे ग्रुप अर्काइव्हमध्ये, बाकीच्यांना वर्षभराचं म्यूट, निळी टिक काढून टाकलेली. सासरच्या ग्रुपमधून बाहेर पडणं मात्र कुणालाच परवडत नाही, तिथे म्यूटवर भागवावं.

ज्यांची भाकरीच फोनवर आहे, त्यांना तर सुट्टी ही चैन आहे. डिलिव्हरीच्या पोराला ऑर्डर फोनवर येते, रीलवर साड्या दाखवून विकणाऱ्या बाईचं दुकान तेच. अंगणवाडी सेविकांची कथा यापेक्षा बोलकी आहे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि लाभार्थ्यांची नोंद त्यावर करायची सक्ती झाली. सरकारने दिलेले फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी यायचा, ॲपही इंग्रजीत. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. मनःशांतीसाठी फोन सोडणाऱ्यांवर पुस्तकं निघतात. या बायकांनी फोन सोडला त्याची बातमी स्थानिक पानांपलीकडे फारशी गेली नाही. आणि वडगावात संध्याकाळी घरोघरी फिरून फोन बंद करायला सांगणाऱ्यांमध्ये अशीच एखादी सेविका असते, हे विसरू नये.

कायदे आता येऊ लागलेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. जबाबदारी कंपन्यांवर टाकली, मुलांवर किंवा पालकांवर नाही, हे त्यातलं मला पटणारं. मोठ्यांसाठी दुसरी वाट आहे: कामाची वेळ संपल्यावर संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा. खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण १९७० चं, तेव्हा त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण रात्री साडेदहाला तालुक्याच्या ग्रुपवर 'उद्या सकाळी नऊपर्यंत माहिती सादर करावी' असा निरोप टाकू नये, एवढं ठरवायला संसद लागत नाही. जिल्हा परिषदेच्या एका परिपत्रकात ते मावतं. पोलीस ठाणी, शाळा, बँका, खासगी कंपन्या, प्रत्येक ठिकाणी हा कागद काढणारा कुणीतरी खुर्चीत बसलेला आहे, आणि बहुतेक वेळा रात्रीचा निरोप टाकणाराही तोच असतो.